मानधन गाण्याचे की गप्प बसण्याचे?

२६ सप्टेंबर ते ९ ऑक्टोबर २०२५ या काळात सौदी अरेबियाच्या राजधानीत, रियाधमध्ये, एक मोठा विनोद महोत्सव भरला. डेव्ह शापेल, केविन हार्ट, बिल बर, लुई सी. के., अझीझ अन्सारी अशी पन्नासहून अधिक मंडळी. आपापल्या देशात राष्ट्राध्यक्षापासून देवापर्यंत कुणाचीही टोपी उडवणारे हे लोक. ते हसवायला कुठे गेले? जिथे काही ट्वीट केल्याबद्दल सलमा अल-शेहाब या संशोधक विद्यार्थिनीला २०२२ मध्ये ३४ वर्षांची शिक्षा सुनावली गेली (जगभर बोभाटा झाल्यावर ती कमी केली गेली), आणि अ‍ॅम्नेस्टीच्या नोंदीनुसार एकट्या २०२४ मध्ये किमान ३४५ माणसांना देहदंड दिला गेला, तिथे. महोत्सवाच्या मधोमध २ ऑक्टोबर आला. त्या वर्षी विजयादशमी त्याच तारखेला होती, त्यामुळे आपले लाखो लोक त्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर होते. इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत गेलेला पत्रकार जमाल खशोगी जिवंत बाहेर आला नाही, त्याला त्याच दिवशी सात वर्षे झाली. रियाधमध्ये त्या आठवड्यात हशा आणि टाळ्या सुरू होत्या.

यावर जी चर्चा झाली ती सगळ्यांनी ऐकली आहे. कलेला सीमा नसतात. कलाकार राजकारणी नसतो. तिथल्या सामान्य माणसाला हसण्याचा अधिकार नाही का? आणि मग शेवटचा, सगळ्यात आवडता प्रश्न: तुमच्या स्वतःच्या देशात काय कमी अन्याय आहे? शापेल तर तिथल्या रंगमंचावरून म्हणाला की अमेरिकेपेक्षा इथे बोलणे सोपे आहे.

मित्रांनो, या युक्तिवादांना उत्तर शोधायला रियाधला जाण्याची गरज नाही. हा खटला एकदा चालला आहे, साक्षीपुरावे झाले आहेत आणि निकालही लागला आहे. दक्षिण आफ्रिकेत, सन सिटी नावाच्या ठिकाणी.

सन सिटी हे नाव आपल्याकडे कुणाला आठवत असेल तर ऐश्वर्या रायमुळे. नोव्हेंबर १९९४ मध्ये तिला विश्वसुंदरीचा मुकुट मिळाला तो तिथेच. तेव्हा वर्णद्वेषी राजवट संपून काही महिने झाले होते, त्यामुळे त्या सोहळ्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. पण झगमगाट करणारा तो मंच ज्या जमिनीवर उभा होता, तिची गोष्ट आपल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा सांगितली नाही. ती आपल्याला चटकन कळेल, कारण ती गावकुसाची गोष्ट आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने १९१३ आणि १९३६ च्या कायद्यांनी देशातल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी सुमारे १३ टक्के जमीन ठेवली. बाकीची गोऱ्यांची. पुढे या १३ टक्क्यांचे तुकडे पाडून त्यांना ‘होमलँड’ म्हणायचे ठरले. १९७० च्या कायद्याने प्रत्येक कृष्णवर्णीय माणसावर कुठल्या ना कुठल्या होमलँडचे नागरिकत्व चिकटवले गेले, मग त्याने ती जागा आयुष्यात पाहिलेली असो वा नसो. युक्ती साधी होती. होमलँड ‘स्वतंत्र’ झाले की तो माणूस दक्षिण आफ्रिकेचा नागरिक उरत नाही. जोहान्सबर्गच्या खाणीत तो राबणार, गोऱ्यांच्या घरात त्याची बायको भांडी घासणार, पण कागदोपत्री दोघेही परदेशी! गावाची सगळी कामे करायची आणि राहायचे वेशीबाहेर, ही व्यवस्था आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की तिथे वेशीबाहेरच्या वस्तीला झेंडा, राष्ट्रगीत आणि राष्ट्राध्यक्षही दिला.

अशा वस्त्यांपैकी एक बोफुथात्स्वाना. ६ डिसेंबर १९७७ रोजी तिला ‘स्वातंत्र्य’ मिळाले. (तारीख कुठली ते पाहा. आपला महापरिनिर्वाण दिन. निव्वळ योगायोग, पण बोचणारा.) सहा-सात विखुरलेले तुकडे, मध्ये गोऱ्यांची शेते. जमिनीखाली प्लॅटिनम, वर दारिद्र्य. राष्ट्राध्यक्ष लुकास मंगोपे. जगातल्या एकाही खऱ्याखुऱ्या देशाने या राष्ट्राला मान्यता दिली नाही. ज्याने तयार केले त्या दक्षिण आफ्रिकेने दिली, आणि तसल्याच दुसऱ्या होमलँड्सनी दिली.

आता मान्यता मिळत नसेल तर काय करायचे? विकत घ्यायची. दक्षिण आफ्रिकेत जुगाराला बंदी होती, बोफुथात्स्वानात नव्हती. हॉटेलसम्राट सोल कर्झनरने १९७९ च्या अखेरीस तिथे कॅसिनो, हॉटेल आणि गोल्फ मैदान असलेली सन सिटी उभी केली. जोहान्सबर्गहून गाडीने दोनेक तासांवर. गोरे लोक शनिवार-रविवारी तिकडे जाऊन त्यांच्या सनातनी सरकारने घरी मना केलेली सगळी पापे करून येत. पण कॅसिनोने देश सिद्ध होत नाही. त्यासाठी जगाने ओळखलेले चेहरे लागतात. १९८१ च्या जुलैमध्ये सन सिटीच्या नव्या भव्य सभागृहाचे उद्घाटन फ्रँक सिनात्राने केले. थोड्याशा कार्यक्रमांचे मानधन पंधरा लाख डॉलरहून जास्त असल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. मंगोपे सरकारने त्याला सन्मानपदकही दिले. मग रांग लागली. रॉड स्ट्युअर्ट, एल्टन जॉन, लिंडा रॉनस्टॅट. रे चार्ल्ससारखा कृष्णवर्णीय दिग्गजही १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गाऊन आला. ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीन हा ब्रिटिश बँड.

इतके पैसे कशाचे? गाणे तर हे लोक लंडन-न्यूयॉर्कमध्ये याच्या कितीतरी कमी दरात गात होते. गाण्याची बाजारातली किंमत आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम यांतला जो फरक आहे, तो गाण्याचा नव्हता. तो एका प्रमाणपत्राचा होता: ‘आम्ही गेलो होतो, सगळे ठीक आहे, जागा छान आहे.’ आज रियाधलाही हाच हिशेब लागू पडतो. टिम डिलन नावाच्या विनोदवीराने त्याला ३ लाख ७५ हजार डॉलर देऊ केल्याचे स्वतःच सांगितले. तिथल्या सक्तीच्या मजुरीवर त्याने आपल्या पॉडकास्टवर विनोद केला आणि कार्यक्रमातून त्याला काढून टाकले. विनोद विकत घेणाऱ्याने विनोद केला म्हणून हाकलले. मग विकत नेमके काय घेतले होते?

सन सिटीला जाणाऱ्यांकडे एक जोरदार बचाव होता. तिथे काळे-गोरे शेजारी शेजारी बसतात! ही गोष्ट खरी होती. वर्णभेदाचे कायदे सन सिटीच्या दारापर्यंतच होते. आत तिकीट काढणाऱ्या कुणालाही बसता येत असे. कलाकार अगदी प्रामाणिक चेहऱ्याने सांगत की आम्ही मिश्र प्रेक्षकांसमोर गायलो, म्हणजे वर्णभेदाविरुद्धच गायलो.

हा बचाव ऐकला की मला आपल्याकडचे सहभोजनाचे कार्यक्रम आठवतात. वर्षातून एकदा पंगत बसते, फोटो निघतात, दलित वस्तीतल्या घरात नेता भाकरी खातो आणि संध्याकाळी जमीन, पाणवठा, स्मशान सगळे होते तिथेच असते. बाबासाहेबांनी ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये स्पष्टच मांडले आहे की एका पंगतीत जेवल्याने जात मरत नाही. सन सिटीची पंगत त्याहून निर्लज्ज होती. आतल्या मिश्र खुर्च्यांची किंमत बाहेरच्या लाखो विस्थापितांनी भरली होती. साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ३५ लाख माणसांना त्यांच्या घरांतून उचलून दुसरीकडे टाकले गेले. त्या सभागृहात तिकीट काढून बसलेला एखादा काळा डॉक्टर म्हणजे कायद्यातली फट नव्हती, तो कायद्याचा दर्शनी भाग होता. आणि ज्या ‘राष्ट्रा’च्या पाहुणचाराचे गुण गायले जात होते त्याच्याच पोलिसांनी २६ मार्च १९८६ रोजी विंटरफेल्ड इथे जमावावर गोळ्या झाडून किमान अकरा माणसे मारली.

क्वीनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती महाराष्ट्रातल्या वाचकाला विशेष जवळची. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारोख बलसारा. शिकला कुठे, तर आपल्या पाचगणीला. दक्षिण आफ्रिकेच्या १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने माणसांची वर्णवार खतावणी केली होती. तिच्यात हा फारोख गोऱ्यांच्या खात्यात बसला नसता. तिथे जन्मला असता तर त्याचे घर, शाळा, बसायचा बाक, समुद्रकिनारा सगळे सरकारने ठरवले असते. पण तो पैसे आणि कीर्ती घेऊन आला, म्हणून त्या काही दिवसांसाठी त्याला कातडी नव्हती. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी सांगितले की आम्ही राजकीय बँड नाही, ज्याला ऐकायचे त्याच्यासाठी गातो. मूकबधिर आणि अंध मुलांच्या एका शाळेला देणगीही दिली. देणगीचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल. ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने मात्र ऐकले नाही, दंड ठोठावला.

इथे आपल्या मनात एक शंका यायला हवी, आणि ती आली नाही तर आपण आपला इतिहास विसरलो. बहिष्कार हा शब्द आपल्या लोकांनी शस्त्र म्हणून वापरला त्यापेक्षा किती तरी अधिक वेळा अंगावर झेलला आहे. मेलेली ढोरे ओढायला नकार दिला, बहिष्कार. मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो नेला, बहिष्कार. किराणा बंद, दळण बंद, मजुरी बंद. बाबासाहेबांच्या पाक्षिकाचे नावच ‘बहिष्कृत भारत’ होते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा यायला २०१७ साल उजाडले. मग आपण कुठल्या तोंडाने कलाकारांवरच्या बहिष्काराचे समर्थन करायचे?

दोन्हींना शब्द एकच आहे, कृती उलट आहे. गावाचा बहिष्कार बलवान दुर्बळावर घालतो, जन्मावरून घालतो आणि त्यातून सुटायचा मार्ग म्हणजे मान खाली घालणे. दक्षिण आफ्रिकेवरचा सांस्कृतिक बहिष्कार मागितला कुणी? पीडितांनी. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अल्बर्ट लुथुली यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस जगाला बहिष्काराची हाक दिली, तेव्हा त्यांना ठाऊक होते की याची झळ आधी आपल्याच लोकांना लागणार आहे. गायिका मिरियम मकेबाने १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीसमोर जाऊन आपल्या देशावर बहिष्कार टाका असे सांगितले. तिच्या आईच्या अंत्यविधीलाही सरकारने तिला देशात येऊ दिले नव्हते. या साक्षीनंतर तिच्या ध्वनिमुद्रिकांवर मायदेशात बंदी आली. गाणाऱ्या बाईने आपला श्रोताच पणाला लावला. डिसेंबर १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने सांस्कृतिक आणि क्रीडा संबंध तोडण्याचे आवाहन केले, आणि १९८३ मध्ये संघाच्या वर्णभेदविरोधी समितीने दक्षिण आफ्रिकेत कार्यक्रम करणाऱ्यांची यादीच प्रसिद्ध केली.

या यादीचा एक नियम फार थोड्यांना माहीत आहे. पुन्हा जाणार नाही असे कळवले की नाव काढून टाकले जाई. बस्स. प्रायश्चित्त नाही, गावजेवण नाही, नाक घासणे नाही. जन्माने कुणी त्या यादीत गेला नाही आणि कुणालाही तीत कायमचे राहावे लागत नव्हते. ज्या बहिष्कारात आत जाणे आणि बाहेर येणे दोन्ही माणसाच्या स्वतःच्या कृतीवर असते, त्याची तुलना अस्पृश्यतेशी करणे हा अस्पृश्यता भोगलेल्यांचा अपमान आहे.

भारताची या बाबतीतली जुनी नोंद चांगली आहे, ती सांगायला संकोच कशाला? १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा भारत हा पहिला देश. त्याच सुमारास बाबासाहेब अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतल्या साम्याविषयी आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे करायच्या अर्जाविषयी विचारत होते. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या उपांत्य लढतीत भारताने पुण्यात सोव्हिएत संघाला हरवले. अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी होता आणि अमृतराज बंधू ऐन भरात. भारत खेळला नाही. चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेला गेला. खेळाडूंच्या आयुष्यातली सर्वात मोठी संधी हातची गेली, पण पन्नास वर्षांनंतर त्या चषकावर कोरलेल्या विजेत्याच्या नावाची कुणाला आठवण आहे?

मात्र शिक्षा कुणाला किती, हे पाहिले की जगाची वर्णव्यवस्था कळते. १९८२ मध्ये ग्रॅहम गूचच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचे बंडखोर क्रिकेटपटू दक्षिण आफ्रिकेत खेळून आले. बंदी तीन वर्षे. गूच पुढे इंग्लंडचा कर्णधार झाला. १९८३ मध्ये लॉरेन्स रो याच्यासोबत वेस्ट इंडिजचे कृष्णवर्णीय खेळाडू गेले. प्रत्येकी लाख डॉलरच्या घरात रक्कम, आणि गोऱ्या सरकारकडून ‘मानद गोरे’ हा दर्जा! त्यातला वेगवान गोलंदाज कॉलिन क्रॉफ्ट रेल्वेत गोऱ्यांच्या डब्यात बसला तर तिकीट तपासनीसाने त्याला उठवले. मानद गोरेपणाची मुदत एवढीच. घरी परतल्यावर या खेळाडूंवर आजन्म बंदी आली, ती १९८९ मध्ये उठली, पण तोवर सगळे संपले होते. रोला जमैका सोडावे लागले. रिचर्ड ऑस्टिन तर किंग्स्टनच्या रस्त्यावर भीक मागताना दिसे. त्यांनी चूक केली यात वाद नाही. व्हिव्ह रिचर्ड्ससमोर कोरा धनादेश ठेवला गेला असे म्हणतात, तो गेला नाही. पण संघात जागा नसलेल्या, हंगामी कमाईवर जगणाऱ्या काळ्या मुलाला आयुष्यभराची शिक्षा आणि कोट्यधीश गोऱ्या गायकांना पुढे ‘सर’ ही पदवी? एल्टन जॉन, रॉड स्ट्युअर्ट, क्वीनचा ब्रायन मे, तिघेही आज सर आहेत.

म्हणून भुकेला आणि हावेला एकाच काठीने हाणू नका, हे माझे म्हणणे आहे. पेशवाईत वाड्यावर नाचणाऱ्या बाईला ‘तू का नाचलीस’ असे विचारणारा माणूस मूर्ख तरी असतो किंवा ढोंगी. तिच्याकडे नकाराचा हक्कच नव्हता. ज्याच्याकडे नकार देण्याइतकी सुबत्ता आहे त्याच्याकडूनच नकाराची अपेक्षा करायची असते. बियॉन्सेला, मरायया कॅरीला गद्दाफीच्या मुलांच्या मेजवानीत गायची गरज नव्हती. नेली फुर्टाडोला पाऊण तासाचे दहा लाख डॉलर मिळाले नसते तर तिच्या घरची चूल विझली नसती. लिबियात २०११ मध्ये उठाव झाला, रणगाडे रस्त्यावर आले, तेव्हा या सगळ्यांना एकाएकी आपण कुणाचे पैसे घेतले ते आठवले आणि देणग्यांच्या घोषणा झाल्या. गद्दाफीची राजवट तेव्हा चाळीस वर्षांची होती. बातमी नवी होती, राजवट नव्हे.

स्टिंगचे उदाहरण मला या सगळ्यांहून जास्त खटकते, कारण तो मानवी हक्कांच्या व्यासपीठांवर गाऊन मोठा झालेला माणूस. २००९ मध्ये तो ताश्कंदला उझबेकिस्तानच्या हुकूमशहाच्या मुलीच्या महोत्सवात गायला. अंदिजानला मे २००५ मध्ये शेकडो निदर्शकांना गोळ्या घालणारी हीच ती राजवट. तिच्या कापसाच्या शेतांत दरवर्षी शाळा बंद करून मुलांना वेचणीला जुंपले जाई, सरळ वेठबिगार. पकडला गेल्यावर स्टिंग म्हणाला की सांस्कृतिक बहिष्कार निरर्थक असतात, उलट त्यांनी नुकसान होते. कुणाचे नुकसान, साहेब? कापूस वेचणारे पोर तुमच्या मैफिलीला आले होते का?

बहिष्कार निरर्थक असतो हे म्हणणे सन सिटीने खोटे पाडले आहे. १९८५ मध्ये स्टीव्हन व्हॅन झँडट या गिटारवादकाने पन्नासहून अधिक कलाकार गोळा करून ‘सन सिटी’ नावाचेच गाणे केले. माइल्स डेव्हिसपासून ब्रूस स्प्रिंगस्टीनपर्यंत सगळे तिथे न जाण्याची शपथ घेऊन उभे राहिले. सन सिटीला जाणे ही लपवायची गोष्ट झाली. त्याच वर्षी स्टीव्ही वंडरने ऑस्कर स्वीकारताना मंडेलांचे नाव घेतले, तर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी नभोवाणीने त्याची गाणीच बंद केली. गाण्याला राजकारण नसते असे त्या सरकारलाही वाटत नव्हते, ते फक्त कलाकारांनाच वाटते.

अडचणीची उदाहरणेही आहेत. पॉल सायमनने सन सिटीचे आमंत्रण नाकारले होते. तो जोहान्सबर्गला गेला तो काळ्या संगीतकारांसोबत ध्वनिमुद्रण करायला, आणि त्यांना अमेरिकेतल्या दराच्या तिप्पट पैसे देऊन आला. १९८६ मध्ये त्यातून ‘ग्रेसलँड’ निघाले. सरकारचा एक पैसा त्याने घेतला नाही. तरी वादळ उठले, कारण हॅरी बेलाफॉन्टेने सुचवूनही त्याने आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला आधी विचारले नाही. तिथल्या संगीतकारांचीही यावर दोन मते होती. मला वाटते सायमनचा गुन्हा सिनात्राच्या तुलनेत किरकोळ आहे, पण त्याची खोड ओळखीची आहे. ज्यांच्या भल्यासाठी आपण काही करतो त्यांना विचारायचे कशाला, ही खोड. आपल्याकडच्या हरिजनोद्धारकांना ती भरपूर होती.

आता पुन्हा रियाधकडे. अत्सुको ओकात्सुका या विनोदी कलाकाराने आमंत्रण नाकारले आणि कराराच्या अटी उघड केल्या. राज्याची, राजघराण्याची, न्यायव्यवस्थेची किंवा धर्माची बदनामी अगर थट्टा होईल असे काही बोलायचे नाही. या अटींवर सही करून मग ‘कलाकाराचे स्वातंत्र्य’ म्हणायचे! अन्सारी मानधनाचा काही भाग मानवी हक्क संघटनांना देईन असे म्हणाला. जेसिका कर्सनने पश्चात्ताप व्यक्त करून सगळी रक्कम अशाच कामाला देण्याचे जाहीर केले. ह्यूमन राइट्स वॉचने सांगितले की आम्ही हे पैसे घेऊ शकत नाही.

ही बातमी वाचली आणि लगेच पठ्ठे बापूरावांची आठवण झाली. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूराव आपल्या तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला पैसे द्यायला आले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकिगत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जातीने ब्राह्मण. त्यांच्या फडाचे वैभव होते पवळाबाई, महार समाजातली. चळवळीला तेव्हा पैशाची किती चणचण होती ते सांगायला नको. तरी आमच्याच बाईला नाचवून मिळवलेला पैसा आमच्या मुक्तीच्या कामाला नको, ही बाबासाहेबांची भूमिका. पवळाबाईंच्या कलेचे आणि श्रमाचे मोल या नकारात कुठे गेले, असे आज काही अभ्यासक विचारतात. बरोबर विचारतात, त्यावर बोलायला हवे. पण पैशाबद्दलचा मुद्दा त्याने हलत नाही. ज्या कमाईत पीडिताचा अपमान मुरलेला आहे ती त्याच पीडिताच्या झोळीत टाकून धुऊन निघत नाही. क्वीनच्या शाळेच्या देणगीला, फुर्टाडोच्या दहा लाखांना आणि अन्सारीच्या ‘काही भागा’ला महाडच्या वेळीच उत्तर मिळालेले आहे.

‘मग अमेरिकेत तरी का गावे’ या प्रश्नाला फार जागा द्यायची गरज नाही. देशात गाणे आणि सत्तेच्या थैलीतून, सत्तेच्या अटींवर, सत्तेच्या जाहिरातीसाठी गाणे यांत फरक आहे. अमेरिकेत कुणी सरकारविरुद्ध बोलणार नाही असा करार करून तिथल्या सरकारचे पैसे घेतले तर त्यालाही हाच न्याय लावा, माझी हरकत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण गैरफायदा घेणारे तयार बसले आहेत. त्याच ऑक्टोबर महिन्यात रियाधच्या जॉय फोरमच्या मंचावर शाहरुख, सलमान आणि आमिर हे तिघे खान एकत्र बसले, आणि इकडे काहींना धर्मावरून बोलायला निमित्त मिळाले. सौदी राजघराण्यावरची टीका म्हणजे मुसलमानांवरची टीका नव्हे. खशोगी मुसलमान होता, सलमा अल-शेहाब मुसलमान आहे. सौदीत राबणाऱ्या वीस लाखांहून अधिक भारतीयांत सगळ्या जातिधर्मांचे गवंडी, ड्रायव्हर, मोलकरणी आहेत. कफाला पद्धतीत त्यांची नोकरी बदलण्याची, कित्येकदा घरी परतण्याचीही मोकळीक मालकाच्या सहीवर टांगलेली असे. सौदी सरकारने अलीकडे तीत बदल जाहीर केले आहेत, पण ज्यांची मजुरी बुडाली त्यांची बुडाली. ती सभागृहे उभारणाऱ्या हातांबद्दल तिघांपैकी एकाने जरी त्या मंचावरून विचारले असते, तर त्यांच्यावर धर्मावरून तुटून पडणाऱ्यांची बोलती बंद झाली असती.

आणि खानांवर तुटून पडणाऱ्यांनी जरा इकडेही बघावे. कबीर कला मंचचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये अटक झाली आणि त्यांनी वर्षानुवर्षे खटल्याविना तुरुंगात काढली. ही वस्त्यांमधून डफ घेऊन गाणारी पोरे. त्या काळात राज्य सरकारच्या किती महोत्सवांत किती नामवंत गायक-अभिनेते गेले, शाली घेतल्या, मानधनाचे धनादेश घेतले? त्यांच्यापैकी किती जणांनी मंचावरून या तिघांची नावे घेतली? सौदीचा करार तरी लेखी होता. आपल्याकडे तो न लिहिताच पाळला जातो. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत, तेव्हा त्यांना थैली देणारे सरकार नव्हते आणि शाल पांघरणारा पालकमंत्रीही नव्हता. दिवसभर कष्ट करून आलेली माणसे कंदिलाच्या उजेडात त्यांना ऐकत आणि पहाटे पुन्हा कामावर जात.

मार्च १९९४ मध्ये बोफुथात्स्वानातले सरकारी नोकर संपावर गेले, लोक रस्त्यावर उतरले आणि मंगोपेची सत्ता कोसळली. एप्रिलमध्ये देश म्हणून ती जागा नकाशावरून पुसली गेली. सन सिटी अजून चालू आहे, आपले पर्यटक तिथे जातात. सिनात्राने ज्या सरकारचे पदक घेतले ते सरकार आता कुठेच नाही, आणि मकेबा १९९० मध्येच मायदेशी परतली होती.